मनाचें दुखणें व आपलीं घरें

मुंबईंतील मराठी घरांत थट्टेनें किंवा रागाच्या भरांत एक वाक्य सहज उच्चारलें जातें : “याला आतां ठाण्याला पाठवा!” पुण्याकडे ठाण्याच्या जागीं येरवडा येतो, कोंकणांत रत्नागिरी येते. बोलणारास त्यांत कांहीं गैर वाटत नाहीं आणि ऐकणारेहि हंसतात. परंतु ज्या घरांतील एखादा मुलगा किंवा सून खरोखरच मनाच्या आजारानें खचली आहे, त्या घरांतील माणसें हें वाक्य कानीं पडतांच मान खालीं घालतात आणि विषय बदलतात. आज आम्हांस या मान खालीं घालणाऱ्या घरांविषयीं लिहावयाचें आहे. कारण तीं घरें आपल्याच आळींत, पुष्कळदां आपल्याच नात्यांत असतात.

विक्रोळीचें उदाहरण घेऊं. धीम्या गाडीनें उत्तरेकडे निघालें तर कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड आणि पांचवें स्थानक ठाणें. तेथें १९०१ सालापासून सरकारी मनोरुग्णालय आहे. दक्षिणेकडे निघालें तर घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला आणि चौथें शीव. तेथें महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. म्हणजे कन्नमवारनगर, टागोरनगर किंवा पिरोजशानगर येथें राहणाऱ्या कुटुंबाला वैद्य दूर आहे असें म्हणतां येणार नाहीं. आणि तरीहि पहिलें लक्षण दिसल्यापासून तज्ज्ञाच्या दारीं पोंचेपर्यंत कित्येक घरांत वर्षें निघून जातात. हें अंतर रेल्वेच्या मैलांनीं मोजतां येत नाहीं. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत मोठी पाहणी केली, तेव्हां प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक आजार त्या वेळीं होता, आणि उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचें प्रमाण आजाराच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत होतें. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. पण म्हणून आपण निश्चिंत व्हावें असें नाहीं.

सुशिक्षित घरांत हें कां घडावें? अंगारे-धुपारे आपण सोडले, असें आपण अभिमानानें सांगतों. पण त्यांच्या जागीं आपण दुसरे शब्द आणून ठेवले आहेत. “तो जरा हळवा आहे.” “अभ्यासाचा ताण पडला.” “पहिल्यापासून एकलकोंडाच.” या शब्दांच्या आड सहा महिने, वर्ष, दोन वर्षें सहज लपतात. मुलगा खोलीचें दार लावून बसतो, रात्रभर जागतो, शेजारी आपल्याविषयींच कुजबुजतात असें म्हणूं लागतो. आणि घर मात्र पाहुण्यांना सांगतें कीं तो परीक्षेची तयारी करीत आहे. या लपवालपवीच्या मुळाशीं बहुधा एकच भीति असते : धाकटीचें लग्न व्हावयाचें आहे.

त्याहून कठोर गोष्ट म्हणजे लग्न हाच उपाय समजणें. “एकदां संसाराला लागला कीं सारें ठीक होईल,” असें म्हणून परक्या घरची मुलगी आणावयाची आणि तिला कांहींएक सांगावयाचें नाहीं, हा अन्याय आहे. मग तो कितीहि सभ्य घरांत होवो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें विवाहाच्या अटींत आणि घटस्फोटाच्या कारणांत, ठराविक प्रकारच्या व तीव्रतेच्या मानसिक आजाराचा उल्लेख केला आहे, म्हणून लपविलेली गोष्ट पुढें कोर्टांत उघडी पडते. औषधानें आजार आटोक्यांत आलेल्या माणसानें लग्नच करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सर्व सांगून, समजून केलेलें लग्न वेगळें आणि फसवून केलेलें वेगळें.

आतां आजाराविषयीं थोडें. मनाच्या आजारांत अनेक प्रकार आहेत, पण कुटुंबाची सर्वांत कठीण परीक्षा घेणारा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. तो बहुधा ऐन तारुण्यांत गांठतो. नसलेले आवाज ऐकूं येतात, निराधार संशय दृढ होतात, आणि पुढें उत्साह, बोलणें, स्वच्छता, कामाची ओढ हीं हळूहळू मंदावतात. या मंदावण्याला घरांतील लोक आळस म्हणतात. तो आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे, एवढें जरी घराला उमगलें तरी रोजचें अर्धें भांडण मिटतें. १९५२ सालीं क्लोरप्रोमाझिन हें औषध मनोरुग्णांच्या उपचारांत आलें आणि तेव्हांपासून रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, घरीं राहून जगणें असंख्य रुग्णांना शक्य झालें. पण घरीं म्हणजे कशा घरीं?

या प्रश्नाचा शोध लंडनमध्यें जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं घेतला. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत एक विचित्र गोष्ट दिसली : रुग्णालयांतून सुटून आईबापांकडे किंवा पत्नीकडे गेलेल्या पुरुषांपेक्षां भाड्याच्या खोलींत राहावयास गेलेल्यांची प्रकृति अधिक टिकली! पुढच्या संशोधनांत कारण उलगडलें. ज्या घरांत सतत टोंचून बोलणें, राग, किंवा अतिरेकी काळजी असते, तेथें आजार पुन्हां उलटण्याचा संभव वाढतो. आणि असा सहवास आठवड्यांत पस्तीस तासांहून अधिक असेल तर धोका आणखी मोठा. येथें अतिरेकी काळजी हा शब्द वाचकभगिनींनीं नीट लक्षांत घ्यावा. तीस वर्षांच्या मुलाला घांस भरविणें, क्षणभर नजरेआड होऊं न देणें, त्याच्यापुढें अश्रू ढाळणें, हें प्रेमच आहे. पण या आजारांत तें रुग्णाच्या मनावर ओझें होतें. कुटुंबामुळें आजार होतो असा याचा अर्थ मुळींच नाहीं. आईनें स्वतःला दोष देत बसावें असेंहि नाहीं. आजार कशानेंहि होवो, घरांतील बोलण्याचा सूर बदलतां येतो, इतकेंच.

आपल्याकडील हकीकत मात्र थोडी निराळी, आणि तुम्हां-आम्हांस धीर देणारी आहे. अशाच पद्धतीची पाहणी पुढें चंदीगडला झाली, तेव्हां तेथील कुटुंबांत टोंचून बोलण्याचें प्रमाण लंडनहून कमी आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेनें निरनिराळ्या देशांत जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यांत आग्र्याचें केंद्र होतें. आणि भारतासारख्या देशांतील रुग्णांची पुढील वाटचाल युरोप-अमेरिकेंतील रुग्णांहून बरी दिसली. अनेकांनीं त्याचें श्रेय एकत्र कुटुंबाला दिलें. सर्वच अभ्यासकांना तें मान्य नाहीं, आणि आम्हीहि या निष्कर्षावर फार भिस्त ठेवीत नाहीं. कारण ज्या मोठ्या घरांत काका, आत्या, चुलतभाऊ मिळून एका रुग्णाचा भार वांटून घेत, तें घर आतां विक्रोळीच्या दोन खोल्यांत मावत नाहीं. भार एकट्या आईवर, किंवा सुनेवर पडतो. पुरुष औषधांचे पैसे देतात व आपलें कर्तव्य झालें असें समजतात!

कुटुंबाला उपचारांत सामील करून घेण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र आपल्याच देशांत झाला. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकले आणि नातेवाइकांनीं रुग्णासह तेथें राहावें अशी व्यवस्था केली. रुग्ण बरा होतांना नातेवाइकांनीं डोळ्यांनीं पाहिला. त्यामुळें परत नेतांना त्यांच्या मनांत भय उरलें नाहीं.

महाराष्ट्रांत या कामाला चळवळीचें रूप देण्याचा मान ज्यांना द्यावा लागतो, त्यांतील डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे वैद्य नव्हेत. ते धुळ्याकडचे, आणि कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, आणि तिची शुश्रूषा करतां करतां त्यांनीं तिकडील रुग्णांच्या आप्तांच्या संघटना पाहिल्या. तेंच काम मायदेशीं व्हावें म्हणून १९९७ सालीं त्यांच्या पुढाकारानें पुण्यास ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. २०१७ सालीं वाणी निवर्तले. त्यांच्याच साह्यानें सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट काढला. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळतांना दमणारी बहीण यांची ती गोष्ट अनेक घरांनीं पाहिली, आणि ज्या शब्दाचा उच्चार होत नव्हता तो जेवतांना उच्चारला गेला.

विक्रोळीकरांना त्याहून जवळची संस्था म्हणजे ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’. डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं ती १९९० सालीं सुरू केली. मनाच्या आजारांतून उठून पुन्हां उभे राहिलेल्यांचा ही संस्था जाहीर सत्कार करते आणि त्या पुरस्काराला नांव दिलें आहे ‘द्विज’! ज्या शब्दावर आपल्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगितला, तो मुंजीवांचून, केवळ झुंजीनें मिळवितां येतो, हें आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांस तो अर्थ अधिक पटतो.

अशा संस्थांतून आप्तांचे जे स्वमदत गट चालतात, त्यांत घडतें तरी काय? फार मोठें कांहीं नाहीं. दहा-पंधरा माणसें वर्तुळांत बसतात. एखादी आई सांगते कीं मुलानें चार दिवस अंघोळ केली नाहीं; दुसरी म्हणते, आमच्याकडे दोन आठवडे. पहिली जन्मांत प्रथमच या विषयावर हंसते. कोणी औषध दुधांत लपवून द्यावें का असें विचारतो, तेव्हां अनुभवी गृहस्थ सांगतात कीं तें उघडकीस आलें कीं मुलाचा जेवणावरचाच विश्वास उडतो. हें ज्ञान पुस्तकांत मिळतें, पण पचतें तें अशाच ठिकाणीं. विक्रोळींत गणेशोत्सवासाठीं मंडप उभारणारीं मंडळें आहेत, वसाहतींचीं सभागृहें आहेत. महिन्यांतून एका रविवारीं दोन तास एक खोली, ऐकलेलें बाहेर न सांगण्याचा नियम आणि आरंभीं दोन कुटुंबें, एवढ्यावर गट सुरू होतो. ज्यांना चारचौघांत जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठीं सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेंहि २०१२ सालीं ‘आयकॉल’ ही सेवा काढली. याच संस्थेनें १९३७ सालीं बालमार्गदर्शन केंद्र उघडलें होतें, म्हणजे तिचा हा वारसा जुना आहे.

कायदाहि आतां बदलला आहे. १९१२ च्या इंग्रजी अमदानींतील कायद्याच्या नांवांतच ‘ल्युनसी’ म्हणजे वेड होतें. तो १९८७ च्या कायद्यानें गेला. पण ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंत एरवाडी येथें आग लागली आणि सांखळीनें बांधलेले २८ मनोरुग्ण पळतां न आल्यानें जळून मेले, तेव्हां नवा कायदा कागदावर किती आणि प्रत्यक्षांत किती हें साऱ्या देशाला दिसलें. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे. रुग्णाला सांखळदंड घालण्यास त्यानें बंदी केली. विमा कंपन्यांनीं मनाच्या आजारालाहि शरीराच्या आजाराप्रमाणेंच विमा द्यावा असें बजाविलें. आणि आपल्यावर उपचार कसे व्हावे, कसे होऊं नयेत, हें प्रौढ व्यक्तीनें आधींच लिहून ठेवण्याचा हक्क दिला.

तरीहि प्रत्येक गटांत सरतेशेवटीं एक प्रश्न निघतोच : “आमच्यामागें याचें काय?” सत्तरीच्या वडिलांनीं तो विचारला कीं खोलींत शांतता पसरते. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या पालकांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें पालकनियुक्तीची एक वाट दिली आहे. मनोरुग्ण त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत मात्र मानसिक आजाराचा समावेश आहे, म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला काढून ठेवणें शहाणपणाचें. एकत्र कुटुंबानें येथें उपयोगी पडावें. वडील हयात असतांनाच भाऊ, पुतणे, भाचे यांनीं एकदां बसून ठरवावें कीं औषधें कोण आणील, दरमहा डॉक्टरांकडे कोण नेईल, राहत्या जागेचा हक्क कसा राहील. मृत्युपत्र वकिलाकडून लिहून घ्यावें. आणि नव्या कायद्याप्रमाणें रुग्णानें स्वतः आपला प्रतिनिधि नेमावा. त्या बैठकीला रुग्णाला बोलवावें. तो कमी बोलेल, कदाचित् मध्येंच उठून जाईल. पण आपण कोणाजवळ राहावयाचें हें त्याला विचारल्यावांचून कागदावर कोणाचेंहि नांव लिहूं नये.