लहान केंद्र आणि जागतिक स्पर्धा

शासनाचा परवाना मिळवून, आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता केलेले बिनतारी संदेशवहन म्हणजे हौशी रेडिओ. या छंदातील ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही प्रमुख स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली. ध्वनिसंभाषणाची स्पर्धा ऑक्टोबरच्या आणि मोर्स संकेतांची नोव्हेंबरच्या अखेरीस भरते. प्रत्येकीचा अवधी ४८ तासांचा असतो. रायपूरच्या शंकर नगरसारख्या दाट वस्तीतील एखाद्या घराच्या गच्चीवरून तीत भाग घेता येईल काय, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

अशा घरी उंच मनोरा उभारणे क्वचितच शक्य असते. परंतु सुमारे २० मीटर लांबीची तार मध्यभागी तोडून तेथे केबल जोडली, की ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी द्विध्रुव अँटेना तयार होतो. जागा अपुरी असल्यास मध्य एका खांबावर ठेवून दोन्ही टोके खाली उतरवतात. हीच तार तिप्पट वारंवारतेच्या १५ मीटर पट्ट्यावरही उपयोगी पडते. शक्ती १०० वॅटवरून ४०० वॅटपर्यंत वाढविली, तरी दूरच्या श्रोत्याच्या संकेतमापकावर एकाच अंशाची भर पडते. म्हणून शक्तीपेक्षा वेळेची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

भारतीय वेळेनुसार स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. ऑक्टोबरात रायपूरला सूर्योदय सुमारे सहाला होतो. दिवसा आयनांबराचा खालचा थर लांब तरंग शोषून घेतो. त्यामुळे ४० मीटरचा पट्टा दूरच्या संपर्कासाठी रात्री व पहाटे उपयोगी असतो. सूर्य वर आला, की १५ मीटरवर प्रथम पूर्वेकडील आणि दुपारनंतर युरोपातील केंद्रे ऐकू येऊ लागतात.

संपर्क अगदी संक्षिप्त असतो. परस्परांची संकेतनामे, संकेताची प्रत व विभागाचा क्रमांक एवढेच सांगावयाचे असते. भारतीय स्पर्धक ‘५९, २२’ असे म्हणतो, कारण भारत २२व्या विभागात येतो. अन्य खंडातील केंद्राशी झालेल्या संपर्कास ३ गुण मिळतात, तर आशियातील अन्य देशाशी झालेल्या संपर्कास १. प्रत्येक पट्ट्यावरील नवा देश व नवा विभाग हे गुणक होत. गुणांची बेरीज गुणकांच्या बेरजेने गुणली, की अंतिम गुणसंख्या मिळते.

समजा, ३४० गुण व ४२ गुणक झाले आहेत. गुणसंख्या १४,२८० होईल. जुन्याच देशातील आणखी एक युरोपीय केंद्र मिळाल्यास तीत १२६ची भर पडते. पण तोच संपर्क नव्या देशाशी झाला, तर ४६९ची. म्हणून लहान केंद्राने स्वतः पुकारत बसू नये. पट्टा हळूहळू धुंडाळावा, नवी केंद्रे शोधावीत आणि गर्दीत क्षणभर शांतता होताच आपले संकेतनाम एकदाच स्पष्ट उच्चारावे.

या कौशल्याचे मोल स्पर्धेपुरतेच नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामीने दळणवळण तोडले, तेव्हा त्याच यंत्रांवरून त्यांनी अंदमान-निकोबारची खबर मुख्य भूमीला पोहोचविली. कोलाहलातून क्षीण आवाज ओळखणे, थोडक्यात बोलणे आणि ऐकलेले अचूक नोंदविणे, ही सवय अशा प्रसंगी माणसांच्या उपयोगी पडते.