पाळतीच्या कागदांत उरलेली वृत्तपत्रे

6 जानेवारीचा पत्रकार दिन जवळ आला की 'दर्पण' आणि त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांच्यावर लेख लागतो. यंदा संपादकांनी तो माझ्याकडे मागितला, म्हणून मी काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, सरकारी दप्तरखान्यात गेलो. दप्तरखाना 1821 सालचा, कागदपत्रांचा पसारा अफाट. टिपणे 'दर्पण'ची काढायची होती. पण अडकलो भलत्याच बाडात.

'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स'. मुंबई इलाख्यातली देशी पत्रे सरकारविषयी काय लिहितात, याचा हा गोपनीय साप्ताहिक गोषवारा 1868 पासून निघू लागला. मराठी, गुजराती, उर्दू, कानडी अशी मिळतील ती पत्रे वाचायची, खटकणारा मजकूर इंग्रजीत उतरवायचा आणि छापून वरिष्ठांकडे पाठवायचा, हे काम सरकारच्या 'ओरिएंटल ट्रान्सलेटर'च्या कचेरीचे. पुढे अहवालाच्या आरंभी पत्रांचा तक्ता येऊ लागला: पत्राचे नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचे नाव, जात, वय आणि शेवटच्या रकान्यात खप. 'केसरी'च्या ओळीत टिळकांच्या नावापुढे बी. ए., एल्‌एल. बी. आहे, चित्पावन आहे, वयही आहे. मराठी पत्रकारांची इतकी तपशीलवार हजेरी दुसऱ्या कुणी घेतली असेल असे मला वाटत नाही.

मी विचार करत राहिलो तो या कचेरीतल्या मदतनीस भाषांतरकारांचा. बहुतेक आपलेच लोक. घरी मराठी बोलणारे, कचेरीत मराठीवर नजर ठेवणारे. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'मधले वक्रोक्तीचे वाक्य इंग्रजीत नेताना त्यांची काय तारांबळ उडत असेल! परांजपे स्तुती करत आहेत असे वाटावे आणि घाव बसलेला असावा. तो घाव साहेबाला दिसेल असे लिहायचे, म्हणजे आधी आपल्याला तो पुरता कळलेला हवा. त्या माणसांइतके बारकाईने 'काळ' कुणी वाचला असेल? 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकेका मराठी शब्दावरून उलटतपासले. 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांचा इंग्रजी तर्जुमा ज्युरीपुढे होता आणि तो विपर्यस्त आहे, असे टिळकांचे म्हणणे होते. शिक्षा झाली सहा वर्षांची.

'केसरी'चे तरी बरे आहे. मूळ अंक आहेत, तर्जुमा चुकला असेल तर तो पकडता येतो. आंबेडकरांच्या 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक वसंत मून यांनी 1990 साली राज्य शासनातर्फे एकत्र छापून घेतले. 'दीनबंधू'चे काय? कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केलेले आणि 1880 पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवलेले हे पत्र. सत्यशोधकांचा आवाज, गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे त्यात होते. त्याचे जुने अंक फार थोडे उरले. म्हणून अभ्यासक या अहवालांकडे येतात, आणि ज्या सरकारने पाळत ठेवली त्याच्याच हातून लोखंड्यांचे म्हणणे ऐकतात. तेही इंग्रजीत, कापून, चार-सहा ओळींत. पत्राने गिरणीतल्या अपघातावर दोन रकाने लिहिले असले तरी सरकारला टोचले तेवढेच उतरले. जाहिराती, वर्गणीदारांची पत्रे, सभेची वर्णने यांत कुणाला रस नव्हता.

आणि हा उरलेला कागदही ठिसूळ झालाय. पान उलटताना कडेचा तुकडा टेबलावर पडला. तो मी जपून पुन्हा पानात ठेवला. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत बारमाही ओल. मायक्रोफिल्म होते, स्कॅनिंग होते. पण त्यानेही मूळ मराठी परत यायची नाही. ती घराघरांतल्या माळ्यांवरच शोधावी लागेल, आणि माळे भराभर रिकामे होताहेत.

अहवालांत 'ऑप्रेशन' (oppression) हा शब्द वारंवार येतो. 'दीनबंधू'च्या एका उताऱ्यापाशी मी थांबलो आणि वहीत पेन्सिलीने लिहिले: जुलूम. मग खोडून छळ. परळच्या गिरणीतून सुटलेल्या माणसाला लोखंडे काय म्हणाले असतील? जाच म्हणाले असतील, असे वाटले. तिन्ही शब्द तसेच ठेवून मी पुढचे पान उलटले.