चकाकीखालचा गंज

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी-सेवेतून निवृत्त झाली. हौशी मंडळींनी मात्र अशा गाड्या जपल्या आहेत. त्यांच्या चाकांवरच्या चकचकीत व्हीलकॅपवर पावसाळ्यानंतर तांबूस ठिपके दिसतात. क्रोमियम तर गंजत नाही. मग हा गंज कोठून येतो?

हा गंज आतल्या पोलादाचा. पोलादावर आधी निकेलचा साधारण १० ते ३० मायक्रोमीटर जाडीचा थर देतात. त्यावरचा क्रोमियमचा थर जेमतेम अर्धा मायक्रोमीटर असतो. क्रोमियम चकाकी टिकवते. पाणी अडवण्याचे काम मुख्यतः निकेलचे. क्रोमियमच्या थरात सूक्ष्म भेगा असतात. निकेललाही कोठे छिद्र पडले, की खारट ओलावा पोलादापर्यंत पोहोचतो आणि एक विद्युतघट तयार होतो. पोलाद धनाग्र, मुलामा ऋणाग्र. ऋणाग्र विस्तीर्ण आणि धनाग्र टाचणीच्या टोकाएवढे, त्यामुळे सारे क्षरण त्या एका बिंदूवर एकवटते.

हे वर्गात दाखवता येईल. एका खिळ्याला तांब्याची उघडी तार, दुसऱ्याला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन-तीन दिवसांनी पहिला खिळा गंजलेला दिसेल. दुसऱ्यासाठी जस्त स्वतः झिजेल. निकेल येथे तांब्यासारखे वागते.

आता स्वच्छता कशी करावी? साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. ठिपक्यांवर अल्युमिनियमच्या फॉइलचा ओला बोळा हलकेच फिरवावा. हा धातू क्रोमियमपेक्षा मऊ आहे. पॉलिश कागद वापरू नये, पातळ थर खरवडला जातो. संडास धुण्याचे ॲसिडही नको. हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम विरघळते. शेवटी मेणाचा हात द्यावा. त्याने छिद्रे कायमची बुजत नाहीत, पण पाणी काही काळ अडते.

गंजाने मुलाम्याला फोड आले असतील, तर तो पूर्ण उतरवून नवा द्यावा लागतो. त्यासाठीच्या पारंपरिक द्रावणात सहा-संयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे आणि विलेपन चालू असताना त्याचे तुषार हवेत उडतात. तीन-संयुजी क्रोमियमची कमी विषारी द्रावणे आता उपलब्ध आहेत. मुलामा देणाऱ्याकडे त्यांची चौकशी जरूर करावी. आपल्या चाकाच्या चकाकीची किंमत टाकीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या फुफ्फुसांनी का मोजावी?