दुर्बिणीचे पाय

एक मीटर लांबीच्या नळीचे एक टोक जागच्या जागी राहिले आणि दुसरे फक्त एक मिलिमीटर सरकले, तर नळीची दिशा सुमारे 206 विकलांनी बदलते. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. पृथ्वीवरून दिसणारे गुरूचे बिंब 30 ते 50 विकलांचे असते. तेव्हा त्या एका मिलिमीटरच्या थरथरीत गुरू स्वतःच्या रुंदीच्या निदान चौपट इकडून तिकडे उडतो, आणि 100 पट मोठे दाखवणारा आयपीस ही उडीसुद्धा 100 पट मोठी करून दाखवतो. गुरूचे पट्टे दिसत नाहीत म्हणून आपण भिंगांना बोल लावतो. भिंगे बहुतेक वेळा निर्दोष असतात, काड्यांसारखे बारीक पाय थरथरत असतात.

हा प्रश्न दुर्बिणीइतकाच जुना आहे. आपल्या दुर्बिणीने गुरूचे चंद्र दिसू लागले त्याच सुमारास, जानेवारी 1610 मधील एका पत्रात गॅलिलिओने बजावले होते, की नळी हातात धरू नये, पक्क्या जागी टेकवावी. हातातल्या नाडीचे ठोके आणि श्वाससुद्धा तिला हलवतात. त्याची दुर्बीण जेमतेम 20 पट मोठे दाखवणारी होती.

नळी स्थिर करायची तर दगडात बांधून टाकावी. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात जवळपास तेच केले. पितळी यंत्रांचे अक्ष झिजतात, डळमळतात आणि वर्तुळांची केंद्रे सरकतात, असा अनुभव आल्यावर त्याने दगड-चुन्याची वेधयंत्रे उभारली. जयपूरच्या सम्राटयंत्राची सुमारे 27 मीटर उंच भिंत आजही ढळलेली नाही. तिची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. पण दुर्बिणीला भिंतीसारखे राहून चालत नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, आणि 100 पट मोठे करणाऱ्या साध्या आयपीसमध्ये आकाशाचा जेमतेम अर्धा अंश मावतो. विषुववृत्तावरचा तारा तेवढ्या क्षेत्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोन मिनिटांत निघून जातो. म्हणून माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि वळवणाऱ्या बैठकीला, एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: अचल राहायचे आणि अलगद वळायचेही.

या दोन्ही अटी पुऱ्या करणारी आजच्या घडणीची पहिली मोठी दुर्बीण जोसेफ फ्राउनहोफरने केली. 1824 मध्ये ती आजच्या एस्टोनियातील तार्तूला, तेव्हाच्या डोर्पाटला, पोहोचली. भिंग 24 सेंटिमीटरचे. नळीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, दुसऱ्या अक्षाच्या टोकाला समतोल राखणारे वजन, आणि खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळाचे यंत्र. ते चालू केले की तारा आयपीसच्या मध्यावर थांबून राही. त्या स्थैर्याच्या बळावर फ्रीड्रिख स्ट्रूव्हने अभिजित ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरल्याने तारा किंचित सरकल्याचा जो भास होतो तो कोन, मोजला. 1837 मध्ये त्याने दिलेला आकडा विकलेच्या आठव्या भागाएवढा होता, आणि आजच्या मोजमापाशी तो चांगला जुळतो. वरच्या 206 विकलांशेजारी हा आकडा ठेवला की माउंट काय करू शकते ते कळते. आज बाजारात ‘जर्मन इक्वेटोरियल’ म्हणून मिळते ते हेच माउंट.

लहान दुर्बीण घेताना मात्र नजर आधी खाली, पायांकडे वळवावी. पाय दुप्पट लांब झाला की तेवढ्याच धक्क्याने तो आठपट वाकतो. उलट, नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून तिचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा सुमारे आठपट वाढतो. सरकवून लांब केलेले, बोटभर जाडीचे ॲल्युमिनियमचे पाय दोन्हीकडून मार खातात. त्यांना पूर्ण आत सरकवावे आणि आपण स्टुलावर बसून पाहावे. पैसा न घालता मिळणारी सर्वात मोठी सुधारणा हीच. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढणे तर टाळावेच. लाकडी पाय दिसायला जुनाट वाटले तरी लाकूड कंपन पोटात घेते. ॲल्युमिनियमला ते तितकेसे जमत नाही.

पारख करायला एक टिचकी पुरते. चंद्राच्या कडेवरचे एखादे विवर 100 पट मोठे करून पाहावे, नळीला हलकी टिचकी मारावी आणि मनात सेकंद मोजावेत. एक-दोन सेकंदांत चित्र थांबले तर माउंट उत्तम. तीन-चारला निभावते. पाच-सहा सेकंद डुलत राहिले तर त्या दुर्बिणीवर ग्रह पाहणे कष्टाचे होणार, कारण फोकसचे बटण प्रत्येक वेळी फिरवले की तीच टिचकी पुन्हा बसते. चित्र स्थिरावेपर्यंत आधीचे चित्र किती रेखीव होते याची आठवण पुसट झालेली असते, आणि फोकस नेमका कुठे लागला हे कळतच नाही. खोक्यावर ‘525 पट’ छापलेली 60 मिलिमीटरची दुर्बीण या परीक्षेत हमखास नापास होते. तसेही 60 मिलिमीटरच्या भिंगाला 120 पटींच्या पलीकडे फारसे काही दाखवता येत नाही.

आता प्रकार. इक्वेटोरियल माउंट महाराष्ट्रात वापरायचे तर अक्षांश विचारात घ्यावाच लागतो, आणि बाहेरच्या पुस्तकांत याबद्दल फारसे लिहिलेले आढळत नाही. जयपूरच्या भिंतीची ती तिरकी कड 27 अंशांवर आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. लंडनला हाच कोन साडेएकावन्न अंशांचा होतो. मुंबईत तो 19, पुण्यात साडेअठरा आणि पणजीत साडेपंधरा. इतक्या आडव्या अक्षावर काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडू शकतो, भार एका बाजूला झुकतो, आणि काही माउंट 20 अंशांखाली नीट उतरतच नाहीत. शिवाय ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असल्याने समोरची इमारत किंवा धुरकट हवा त्याला सहज गिळते. छायाचित्रे काढायची असतील तर हा त्रास सोसावा, मोटर असलेले भक्कम माउंट घ्यावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या भाराच्या निम्माच भार त्यावर ठेवावा. नुसते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर माझे मत स्वच्छ आहे: डॉब्सोनियन.

जॉन डॉब्सन 1915 मध्ये बीजिंगला जन्मला, अमेरिकेत रसायनशास्त्र शिकला आणि 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात दाखल झाला. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून तो आरसे करी. दुर्बिणींच्या नादात मठाबाहेर वारंवार जाण्यावरून वाद झाला आणि 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारी मंडळी त्याच्याभोवती जमली. 2014 मध्ये, 98 व्या वर्षी, तो गेला; आपल्या रचनेवर त्याने कधी एकस्व घेतले नाही. ती रचना कोणत्याही सुताराला जमेल अशी आहे: प्लायवुडचे खोके, खाली फिरता पाट, आणि वळणाऱ्या भागांत सनमायकावर टेकलेले टेफ्लॉनचे तुकडे. खरी करामत त्या टेफ्लॉनची. बहुतेक पदार्थांना हलायला सुरुवात करताना जास्त जोर लागतो आणि मग ते एकदम घसरतात. टेफ्लॉनमध्ये हा फरक फार कमी असतो. त्यामुळे बोटाने ढकलली की नळी हवी तेवढीच सरकते आणि सोडली की तिथेच राहते. लांब पाय नाहीतच, म्हणून थरथरायला काही उरत नाही.

तिच्यातही उणीव आहे. अगदी डोक्यावरच्या ताऱ्याकडे नळी वळवणे अवघड जाते, आणि आपल्याकडे डोक्यावरून जाणारे तारे मोलाचे आहेत. स्वाती पुण्यात माथ्यापासून एका अंशाच्या आत येते. अशा वेळी अर्धा तास थांबावे, तारा आपणहून कलतो. 114 किंवा 130 मिलिमीटरची टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन घेतली तर तिच्याखाली प्लॅस्टिकचे टेबल नको. जड लाकडी तिपाई घ्यावी. तीन पाय असलेली वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही.

गच्चीवर स्लॅबच्या मधोमध दुर्बीण मांडू नये, कोणी शेजारून चालले तरी तिथे चित्र नाचते. खांबावर किंवा तुळईवर येईल अशी जागा शोधावी आणि पाण्याच्या टाकीचा पंप बंद असल्याची खात्री करावी. शेतात काळ्या मातीत पाय रुततात, त्यांच्याखाली फरशीचे तुकडे ठेवावेत. ट्रायपॉड हलका असेल तर मधोमध पाण्याचा कॅन टांगावा, पण तो जमिनीला किंचित टेकलेला हवा. लोंबकळता ठेवला तर तोच झोके घेऊ लागतो.

आणि विकत घेण्याआधी निरनिराळी माउंट हाताळून पाहावीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन घेते. अशा ठिकाणी लोक आपापल्या दुर्बिणी आनंदाने दाखवतात आणि त्यांच्या खोडीही मोकळेपणाने सांगतात. परवानगी घेऊन एक टिचकी मारून बघावी, शक्यतो वारा सुटल्यावर.