विमान विकायचे तर…

गडहिंग्लज भागातला शेतकरी ट्रॅक्टर घेताना किमतीइतकीच सुट्या भागांची चौकशी करतो. ऐन नांगरटीत यंत्र बंद पडले, तर दुरुस्ती कोण करणार? लढाऊ विमान घेणारा देशही हेच विचारतो. कारण ते पुढे तीसेक वर्षे सांभाळायचे असते.

चीनने पाकिस्तानच्या साथीने बनवलेले जेएफ-१७ म्यानमार, नायजेरिया व अझरबैजान यांनी घेतले. पाश्चात्त्य विमानांपेक्षा ते स्वस्त. पण इंजिन रशियन. म्हणजे विकणारा एक आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती!

आपल्या तेजसचेही तसेच. नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात पूर्वी मिग, सुखोई तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले. याचे इंजिन अमेरिकी. त्याचा पुरवठा लांबला आणि आपल्याच हवाई दलाची विमाने रखडली.

मलेशियाने २०२३ मध्ये तेजस बाजूला ठेवून दक्षिण कोरियाचे एफए-५० निवडले. गंमत म्हणजे त्यातही अमेरिकी इंजिनच! पण कोरियाने फिलिपिन्सला ती विमाने आधीच पोचवून दाखवली होती. गिऱ्हाईक माहितीपत्रकापेक्षा हे पाहते. म्हणून तेजसची खरी जाहिरात एकच : आपल्या हवाई दलाला ते वेळेवर मिळणे.