सट्ट्याच्या नव्या साईटवर भाव जास्त का दिसतो?

शेंद्रा (प्रतिनिधी) : मॅचच्या दिवशी एमआयडीसीत कंपनी सुटली की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "तुझ्याकडं भाव काय चाललाय?" हा भाव कापसाचा नाही आन् तुरीचाही नाही. एका पोराच्या मोबाईलवर जुन्या नावाची सट्ट्याची साईट असते, दुसऱ्याच्या मोबाईलवर परवा-तेरवा निघालेली. जुनीवर १.९०, नवीवर १.९५, कधी तर सरळ २. मग नवी चांगली, असा हिशोब लावून पैसे तिकडं वळतात. या हिशोबातला अर्धा भाग बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात पोरं अडकतात.

आधी मटक्याचं घ्या, ते सगळ्यांना कळतं. दहा आकडे आणि एकाला नऊ. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमा झाले दहा, ज्याचा आकडा लागला त्याला मिळाले नऊ. एक रुपया धंदेवाल्याचा. कोणता आकडा येतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, शेकडा दहा त्याचे ठरलेले.

साईटवरचा भाव याच जातीचा. १.९० म्हणजे शंभर लावून जिंकलात तर हातात एकशे नव्वद, आणि त्यात तुमचे स्वतःचे शंभर धरलेले. दोन्ही टीम तोडीस तोड असल्या आणि दोन्हीकडं १.९० भाव असला, तर एकानं इकडं हजार लावले, दुसऱ्यानं तिकडं हजार. जमा २,०००, वाटप १,९००. शंभर रुपये साईटच्या खिशात, म्हणजे शेकडा पाच. भाव १.९५ असला तर साईटला पन्नासच राहतात, शेकडा अडीच. म्हणून कागदावर नव्या साईटचा भाव खरंच बरा दिसतो.

इथं एक घोळ नेहमी होतो. बुकी पैशात बोलतो, साईट दशांशात. बुकीचे ८० पैसे म्हणजे साईटचे १.८०, दोन्ही एकच. बुकी लावलेली रक्कम धरत नाही, साईट धरते. तरी साईटवर भाव दुप्पट आहे असं सांगणारे भेटतात! बुकीनं "८०-८२" म्हटलं तर लगाईवाल्याला हजारावर ८०० मिळणार, खाईवाल्यानं हजार जिंकायला ८२० जोखमीत टाकायचे. मधले दोन पैसे बुकीचे. सेशनमध्ये तर ही फट उघडी दिसते. सहा ओव्हरला "४६-४८" भाव असला आणि धावा ४७ झाल्या, तर 'नो'वालाही हरला आणि 'यस'वालाही हरला.

आता मुद्द्याचं. शेकडा पाच घेणारा जुना असताना नवा माणूस शेकडा अडीचवर, नाहीतर फुकटात धंदा का करील?

मोंढ्यात माल घालणाऱ्याला याचं उत्तर माहीत आहे. बांधावर येऊन क्विंटलमागं दोनशे जास्त बोलणारा नवा व्यापारी आला की जुनं माणूस आधी विचारतं, पट्टी कधी देणार? भाव बोलायला पैसे लागत नाहीत, द्यायला लागतात. आडत्याकडं निदान बाजार समितीचा परवाना असतो, पैसे अडले तर समितीकडं तक्रार करता येते. सट्ट्याच्या साईटनं पैसे अडवले तर तक्रार कुठं नेणार?

आणि अडवायचे रस्तेही साधे आहेत. बोनसचंच बघा. "पाच हजार भरा, पाच हजार बोनस." खाली बारीक अक्षरात अट, बोनसच्या वीसपट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पाच हजाराची वीसपट म्हणजे एक लाख. १.९० च्या भावानं एक लाख खेळलात तर सरासरी शेकडा पाचप्रमाणे पाच हजार साईटकडं गेले. जेवढा बोनस दिला तेवढा परत काढून घेतला. मधल्या काळात सवय लागली ती वेगळीच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे भावच खोटा असणं. नागपूरचं प्रकरण आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली की गोंदियाच्या बुकीनं व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, आपण ८ लाखांपासून सुरुवात केली, आधी जिंकत गेलो आणि शेवटी ५८ कोटी गेले. ॲपमध्येच फेरफार होती, असा आरोप झाला. पोलिसांच्या छाप्यात कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. ज्या पाटीवर भाव लिहिलाय ती पाटी समोरच्याच्याच हातात असेल, तर १.९० काय आणि १.९५ काय.

नवी-जुनी हा फरकही वाटतो तेवढा खरा नाही. महादेव ॲपच्या तपासात ईडीनं सांगितलं होतं की मुख्य कारभार दुबईकडून चालायचा आणि खाली ओळखीच्या लोकांना पॅनल वाटलेले, नफ्याची वाटणी ७०-३०. म्हणजे गावात तुम्हाला 'आयडी' देणारा तुमच्या हरण्यावर कमावतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं महादेवसह २२ ॲप आणि साईट बंद केल्या. अशा साईट बंद झाल्या की नाव थोडं बदलून पुन्हा निघतात. आजची नवी साईट कालचीच जुनी असू शकते, आणि जुन्या मोठ्या नावाची दिसणारी नुसती नक्कल असू शकते.

इंग्लंडमध्ये भावाची तुलना करण्याला काही अर्थ आहे, कारण तिथं जुगार आयोगाचा परवाना लागतो आणि पैसे अडवले तर दाद मागता येते. आपल्याकडं तसा परवानाच नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्यानंतर ड्रीम११ सारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, भारतीय संघाच्या जर्सीवरून ते नावही गेलं. कायदा मानणारे बाजूला झाले. आता तुमच्याकडून पैसे घेणारी साईट दहा वर्षांची असो की दहा दिवसांची, ती कायदा न मानणाऱ्यांतलीच आहे.

"खेळणाऱ्याला शिक्षा नाही ना," म्हणून निवांत बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे एजंट पैसे फिरवायला दुसऱ्यांची बँक खाती वापरतात. महिन्याला काही हजार देतो, पासबुक, एटीएम आणि सिम दे, असं कंत्राटी कामावरच्या पोरांना सांगतात. तसं खातं दिलं की तुम्ही खेळणारे राहत नाही, पैसे फिरवणारे होता. दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून खातं गोठतं, पगार त्यातच अडकतो आणि नोटीस घरच्या पत्त्यावर येते.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लवकरात लवकर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि एजंटचा नंबर जवळ ठेवा, लाजेपोटी चॅट पुसू नका. कर्ज झालं आणि घरी बोलता येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.