खाडा, काटा आणि पाडवा

पहाटे पाच

आमचे सालदार भाऊ येतात तेव्हा कळंबच्या शिवारात अजून अंधार असतो. आधी बैलांपुढे कुटार, मग शेणघाण, मग ढेप भिजवणं, चहा त्यानंतर. मी चहा घेऊन कोठ्यापाशी जाते आणि दिवसाची कामं तिथेच ठरतात. आज वेचणी आहे. बाया येणार, सायंकाळी काटा लागणार, रात्री हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे.

भाऊंचं साल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा करार, पाडव्याला ठरतं. विदर्भात ही जुनी रीत आहे. गुढी उभी राहिली की मागचं साल संपलं आणि नव्याची बोलणी सुरू. यंदा ठरलं ते असं: रोख 1 लाख 30 हजार, दोन पोती गहू, एक पोतं ज्वारी, पोळ्याला कपडे, महिन्याला दोन सुट्ट्या. त्याहून जास्त गैरहजेरी झाली तर खाडा, म्हणजे त्या दिवसांचे पैसे कापायचे. रोखीतला काही भाग सुरुवातीलाच उचल म्हणून जातो, बाकीचा महिन्याच्या महिन्याला.

आजकाल एका घरी दोन सालं कोणी टिकत नाही, तुमच्याकडे हे इतकी वर्षं कसे, असं मला लोक विचारतात. माझ्या मते ते पाडव्यामुळे. त्या दिवशी ते मोकळे असतात आणि मीही. आदल्या आठवड्यात मी पूर्ण हिशेब त्यांच्या हाती देते, फिटायची राहिलेली उचल त्यावर लिहिते आणि सांगते, दुसरीकडे जास्त मिळत असेल तर तसं बोला, उचल हप्त्याने फेडा. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरलं. तरी उचल फिटली नाही म्हणून पुढचं सालही त्याच दारी काढणारे सालदार माझ्या सासऱ्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. त्या कामाची वर्षं मोजता येतात, पण त्याला टिकलेलं नातं मी म्हणणार नाही. ज्याला जाता येतं तो राहिला, तरच राहिला.

खाड्याच्या वह्या दोन आहेत. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. त्यांची वही शाळेत जाणारी मुलगी लिहिते आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही जुळवतो. आज भाऊंनी चहा घेता घेता विचारलं, ‘‘बाई, मागच्या हप्त्यात ताप होता मले, ते दोन दिवस खाड्यात धरले काय?’’

‘‘ताप फवारणीच्या दुसऱ्या दिवशी आला होता ना भाऊ? मग नाही धरले.’’

‘‘मंग पोरीले खोडाले सांगतो. तिनं लिहून ठेवले.’’

कामावरून आलेलं दुखणं खाड्यात धरायचं नाही आणि दवाखान्याचा खर्च मालकाचा, हे आम्ही 2017 नंतर ठरवलं. त्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, पंप बॅटरीचे, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर साधा सदरा. सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं, मृतांच्या वारसांना 2 लाख रुपये जाहीर केले. गेलेल्यांत स्वतःच्या वावरात फवारणारे शेतकरी होते, आणि दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारणारे मजूरही होते. त्या मजुराच्या अंगावर कोणतं औषध पडावं हे ठरवणारा घरी होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तेव्हापासून आमच्याकडे दुपारच्या उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडाला फवारणी होत नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा मी आणून देते. भाऊ ते घालायला कंटाळतात. त्यावर आमची भांडणं होतात, पण त्या एका बाबतीत मी ऐकत नाही.

सकाळी साडेआठ

बाया ऑटोने येतात. बहुतेक कळंबच्याच, दोघी पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, आहेत. ऑटोचं भाडं मालकाचं. हे पूर्वी बोलून ठरवावं लागे, आता सगळीकडे गृहीतच आहे.

आल्या आल्या पहिला प्रश्न दवाचा. बायांना लवकर लागायचं असतं, ऊन चढायच्या आत हात चालतो. शिवाय दवाने ओला कापूस काट्यावर भारी भरतो आणि वेचाई किलोवर आहे. मला मात्र तो ओला कापूस विकायचा असतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर पूर्ण भाव मिळतो तो 8 टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला. त्यावर दर टक्क्याला भाव कमी होतो आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणजे दवात वेचलं तर त्यांचा फायदा आणि माझा तोटा, उशिरा वेचलं तर उलट. यात कोणीच लबाड नाही, दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. म्हणूनच ते बोलून सोडवावं लागतं. आमच्यात तोड अशी निघाली: दव उतरेपर्यंत बाया धुऱ्यावरचं गवत काढतात किंवा तुरीत शिरतात. त्या तासाभराचे पैसे वेगळे, रोजीच्या हिशेबाने. नऊ-साडेनऊला ओटी बांधून पाती लागतात.

या शिवारात वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतात, वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग पहिलं बोंड काढतात. त्या दिवशी सगळ्यांचं जेवण मालकाकडे. मी ते आनंदाने करते. पण एक मनाशी पक्कं आहे: ते जेवण आणि पोळ्याचे कपडे मजुरीच्या हिशेबात कधी मोजायचे नाहीत, आणि मजुरी कमी पडली तर त्यांची आठवण करून द्यायची नाही.

दुपारी एक

बाभळीखाली शिदोऱ्या सुटतात. भाकर, ठेचा, कोणाकडे बेसन. पाण्याची कॅन मी आणलेली असते.

आज माझं लक्ष सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे होतं. तिचा हात आता मंद चालतो. ज्यांची पात आधी संपली त्या दोघी मागे वळून तिच्या पातीत शिरल्या आणि वेचलेला कापूस तिच्याच ओटीत टाकत आल्या. किलोवर पैसे असताना असं करणं म्हणजे स्वतःचे पैसे सोडणं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पदवीला असताना वाचलेलं एक उदाहरण तेव्हा आठवलं. अमेरिकेतल्या एका कचेरीत दहा तरुण मुली ग्राहकांनी भरलेल्या पैशांच्या नोंदी करत. ठरलेलं काम तासाला 300 नोंदींचं होतं, त्यांची सरासरी मात्र 353 निघाली. जास्त कामाला जास्त पगार नव्हता. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्स यांचा हा अभ्यास घेऊन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1982 मध्ये मांडलं, की मजुरीच्या करारात थोडा भाग देण्या-घेण्याचा असतो. कामगार ठरल्याहून जास्त देतो, मालक मंद हाताच्या माणसावर घसरत नाही, आणि हे दोन्ही एकमेकांना धरून चालतं. म्हाताऱ्या बाईला घेऊ नका, पात अडते, असा सल्ला मला मिळाला आहे. तिला मी वगळलं तर उरलेल्यांचा हात कसा बदलेल ते मला काट्यावर कळणार नाही, कापसात दिसेल.

कारण काटा फक्त वजन सांगतो. बोंडातून कापूस काढताना सुकलेली पत्ती, काडीकचरा आत येऊ न देणं हे बाईच्या बोटांवर आहे, आणि घाईने ओरबाडलं तरी वजन तेवढंच भरतं, उलट थोडं जास्तच. स्वच्छ वेचणीचे वेगळे पैसे आमच्या भागात कोणी देत नाही. तरी माझा कापूस स्वच्छ येतो. त्या बदल्यात माझ्याकडून काय जातं? जुलैतलं निंदण आधी याच बायांना विचारून, मग बाहेर. तुरीची सोंगणी त्यांची. हंगाम संपला की उपटलेली पऱ्हाटी सरपणाला त्यांनी न्यायची. धुऱ्यावरची अंबाडी, बरबटीच्या शेंगा जाताना ओटीत न्यायच्या, विचारायचं नाही. माघात कळंबच्या चिंतामणीची यात्रा भरते, तेव्हा कितीही काम असो, वावर बंद.

एका बाबतीत मात्र मला अजून वाट सापडलेली नाही. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. रोजगार हमीच्या कामावर बाई आणि पुरुष यांना सारखे पैसे, हे महाराष्ट्राने 1977 च्या कायद्यापासून मान्य केलं. वावरात मात्र निंदणाची रोजी बाईची म्हणून कमी आणि डवऱ्यामागची पुरुषाची म्हणून जास्त. दोन वेगळी कामं, असं म्हणून सगळे मोकळे होतात. दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईची पाठ पाहिली की मला ते पटत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी तो फरक थोडा थोडा कमी करते आहे.

सायंकाळी साडेपाच

काटा बाभळीच्या फांदीला टांगतो. आकडे दाखवणारा विजेरी काटा आहे, त्याचं तोंड बायांकडे. गाठोडं भाऊ टांगतात, आकडा जिचा कापूस ती स्वतः मोठ्याने वाचते, मी लिहिते. बारदान्याचं वजन आधीच सगळ्यांसमोर करून ठेवलेलं असतं आणि तेवढंच वजा होतं. अर्ध्या किलोची सूट मालकाला, असं काही नाही.

याचं कारण मी स्वतः काट्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे. बंडीतला कापूस खाली होताना कडता कापला जातो, तोलाई-हमाली लागते, ओलावा जास्त दाखवला जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात जे कालवतं ते मला ठाऊक आहे. आपल्यावर झालेलं आपण वावरात आणून बाईच्या ओटीवर काढायचं का, एवढाच प्रश्न आहे. हमालाला 1969 पासून माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, मागे संघटना आहे. वेचणाऱ्या बाईला तसा आधार नाही. तिच्याकडे फक्त तो आकडा आहे, जो तिने स्वतः वाचला.

सायंकाळी सात

ओसरीवर पैसे वाटले. मग म्होरकी बाई बसूनच राहिली. बाकीच्या ऑटोपाशी थांबल्या.

‘‘काकू, दहानं परवडून नाई राहिलं आता. बोंडं पातळ झाले. पयले चाळीस किलो व्हाचा, आज तीस झाला. बारा करा.’’

तिचं गणित बरोबर होतं. चाळीस किलोला दहाप्रमाणे 400 रुपये पडत होते. तीस किलोला बारा दिले तरी 360 च पडतात, म्हणजे वाढ मागूनही ती चाळीस रुपये मागेच. माझं गणित असं: 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. दहाच्या दराने वेचाई त्याचा आठवा हिस्सा खाते, बाराच्या दराने सातव्याहून थोडा जास्त. वर परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 2025 च्या ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत काढलेलं होतं आणि खाजगीत भाव हमीभावाच्या खालीच बोलत होते. हे मी तिला सगळं सांगितलं, विक्रीची पावती दाखवली. भाव पडला यात तिचा हात नाही. तिच्या बोटांखाली बोंड विरळ झालं यात माझा नाही.

बारा दिले.

शेजारच्या वावरवाले भाऊ ओट्यावर होते. बाई गेल्यावर ते म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही भाव बिघडवता. उद्या आमच्याकडे हेच मागतील.’’ त्यांची अडचण खोटी नाही, त्यांच्यावर माझ्याहून जास्त कर्ज आहे. मी त्यांना वर्ध्याची गोष्ट सांगितली. तिथेच 1935 मध्ये गांधीजींनी चरखा संघापुढे प्रश्न ठेवला, की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाला आठ आणे का मिळू नयेत. खादी महाग होईल, खपणार नाही, असं संघातलेच लोक म्हणाले. भीती खरी होती. आठ आणे काही एकदम देता आले नाहीत, पण किमान मजुरीचं तत्त्व संघाने स्वीकारलं आणि कातणारीचे दर वाढले. मालाला भाव नाही म्हणून सगळ्यांत शेवटच्या हाताचे पैसे आधी कापायचे, हा क्रम गांधीजींनी उलटा करून दाखवला.

शेजारी म्हणाले, गांधींना कर्जाचा हप्ता नव्हता. ते उठून गेले तेव्हा त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांच्या वावरातला कापूस मात्र अजून झाडावर आहे आणि बाया मिळत नाहीत म्हणून ते बाहेरचे मजूर पाहत आहेत, त्यांना आगाऊ द्यायचे पैसे जमवत आहेत.

रात्री नऊ

या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आहे. हरभऱ्याला ओलित करायचं म्हणजे अंधारात, रानडुकरांच्या आणि सापाच्या भीतीत. पूर्वी रात्रीचं ओलित सालातच धरलेलं असे, वेगळे पैसे नसत. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते बाहेर काढलं. रात्रीचे 200 रुपये वेगळे, सोबत आमचा पुतण्या, आणि दुसऱ्या दिवशी भाऊंनी दहाच्या आधी यायचं नाही. कोठा मी पाहते.

बॅटरी, काठी, गमबूट घेऊन दोघं निघाले. भाऊ फाटकापाशी थांबले.

‘‘बाई, पाडव्याले तुमी म्हणान का रातचे पैसे सालातच मिळवून टाकू, एक लाख चाळीस करू. तसं नोका करू.’’

‘‘काहून?’’

‘‘सालात गेले का दिसत नाई ते. वेगळेच राहू द्या. ज्या राती गेलो त्याचे घेतो, नाई गेलो त्याचे नाई.’’

मी वही काढली आणि आजची तारीख टाकली. त्यांनी खिशातून त्यांची वही पुतण्याच्या हाती दिली, म्हणाले, हिच्यातही लिही.